कृत्रिम दंतपंक्ति आणि कनोजच्या राजाची सुवर्णतार

१

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या स्नेहमंडळींत एक वाद निघाला. पोथ्यांचा मोठा संग्रह बाळगणाऱ्या एका मित्रांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कृत्रिम दांत बसविण्याची विद्या भरतखंडांत वेदकाळापासून अवगत होती, आणि तिचा ऐतिहासिक पुरावा कनोजच्या जयचंद राजाच्या मृत्यूच्या हकीकतींत सांपडतो. विधान ऐकावयास गोड आणि तें करणाराचा व्यासंग दांडगा. त्यामुळें श्रोत्यांनीं माना डोलावल्या. आम्हीहि त्या दिवशीं स्वस्थ बसलों. परंतु आमच्या मौनाचें कारण संमति हें नव्हतें. आमच्या वरच्या जबड्यांतील समोरचे दोन दांत व खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या तीन दाढा एवढ्यांत निकालांत निघाल्या होत्या. उत्तर द्यावें तर तवर्ग आणि सकार यांची जी दशा होई ती चार माणसांत ऐकविण्याजोगी नव्हती. ज्यानें जन्मभर मुलांकडून वर्णांचीं स्थानें घोकून घेतलीं त्याच्याच मुखांतून दंत्य वर्ण पळून जावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

पुढें येथील एका दंतवैद्यांनीं आमच्यासाठीं वरची एक आणि खालची एक अशा दोन लहान कवळ्या करून दिल्या. त्या बनत असतां तें काम आम्हीं जवळून पाहिलें, प्रश्न विचारून त्यांस त्रासहि दिला. मग घरीं येऊन मूळ ग्रंथ पुन्हां उघडले. आतां दांत आले आहेत आणि पुरावाहि हाताशीं आहे. तेव्हां त्या दिवशीं राहिलेलें उत्तर वाचकांपुढें ठेवितों.

२

प्रथम वस्तूचें स्वरूप स्पष्ट केलें पाहिजे. कारण ह्या विषयांतील बहुतेक घोटाळा शब्दांच्या शिथिलतेमुळें झाला आहे. दांतांवरील उपाय एकच नव्हे. हलणारा स्वतःचा दांत तारेनें शेजाऱ्यास बांधणें ही एक गोष्ट; पडलेल्या दांताच्या जागीं परका दांत आणून तो शेजारच्या दांतांस कायमचा जखडणें ही दुसरी; सर्व दांत गेलेल्या मुखांत संपूर्ण कवळी बसविणें ही तिसरी; आणि कांहीं दांत शिल्लक असतां, गेलेल्या अनेक दांतांऐवजीं घालणारास स्वतःच्या हातानें काढतां-घालतां येईल अशी आंशिक कवळी करणें ही चौथी. कोणताहि पुरावा समोर आला कीं तो ह्या चारांपैकीं कशाचा, हें आधीं ठरवावें.

चौथा प्रकार सर्वांत सोपा वाटतो, परंतु अनुभवांतीं तोच अवघड ठरतो. अशा कवळीस तीन कामें एकदम करावीं लागतात. चावतांना पडणारा भार कोणीतरी सोसला पाहिजे. कवळी जागेवरून उठूं नये. आणि ती आडवी सरकूं नये. भारासाठीं शेजारच्या दांतावर एक लहानसा टेकू बसवितात व त्यासाठीं दांतावर उथळ खांचा करितात. उठूं नये म्हणून दांताच्या फुगीर भागाखालीं जाणारा लवचिक आंकडा ठेवितात. त्या आंकड्यानें दांत एका अंगास ओढला जाऊं नये म्हणून पलीकडून दुसरी भुजा आधार देते. दोन्ही बाजू जोडण्यास वर टाळूवरून पट्टी किंवा खालीं दांतांच्या मागून, जिभेच्या बाजूनें, दांडी जाते.

आमच्या वरच्या कवळीस दोन्ही अंगांस दांत असल्यामुळें तिचा भार ते वांटून घेतात. खालची मात्र पुढें दांतावर आणि मागें केवळ हिरडीवर टेकलेली आहे. दांत भाराखालीं जवळजवळ हालत नाहीं, हिरडी दबते. त्यामुळें अशी कवळी तरफेप्रमाणें डोलूं पाहते आणि आधाराच्या दांतास उपटूं लागते. एडवर्ड केनेडी ह्या अमेरिकन दंतवैद्यानें १९२५ सालीं दांत गेलेल्या जबड्यांचे जे चार वर्ग पाडले ते ह्याच भेदावर. दोन्ही बाजूंस मागचा आधार नाहीं तो पहिला वर्ग. एका बाजूस नाहीं तो दुसरा. रिकाम्या जागेच्या पुढें-मागें दांत आहेत तो तिसरा. आणि समोरची जागा मध्यरेषा ओलांडून रिकामी आहे तो चौथा. म्हणजे आमचा खालचा जबडा दुसऱ्या वर्गांत आणि वरचा चौथ्या वर्गांत उत्तीर्ण झाला आहे.

३

आतां वैदिक पुराव्याकडे वळूं. आमच्या मित्रांचा मुख्य आधार पूषा हा देव होय. दक्षाच्या यज्ञांत पूष्याचे दांत पडले ही कथा पुराणांमुळें सर्वश्रुत आहे. तिचें मूळ ब्राह्मणवाङ्मयांत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील रसायनाध्यायांत अश्विनीकुमारांच्या पराक्रमांची जी यादी आहे तींत पूष्याचे झडलेले दांत, भगाचे गेलेले डोळे आणि इंद्राचा ताठलेला बाहु यांवर त्यांनीं उपचार केल्याचें म्हटलें आहे. यावरून अश्विनांनीं पूष्यास कृत्रिम दांत बसविले असा अर्थ काढण्यांत येतो.

परंतु चरकाचा शब्द केवळ चिकित्सेचा आहे. कोणता पदार्थ, कशानें बांधिला, कोठें बसविला, यांपैकीं एकहि अक्षर तेथें नाहीं. ह्याच्या उलट ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील विश्पलेची कथा पाहावी. तेथें युद्धांत पाय तुटलेल्या विश्पलेस अश्विनांनीं धातूची जंघा दिली असें स्पष्ट आहे. पदार्थहि सांगितला आहे आणि अवयवहि. ऋषींस कृत्रिम अवयव सांगावयाचा असे तेव्हां तो कसा सांगत, याचा हा नमुना आहे. पूष्याविषयीं त्यांनीं तसें म्हटलेलें नाहीं.

याहून बलवत्तर पुरावा विरुद्ध बाजूस आहे. तैत्तिरीय संहिता आणि शतपथ ब्राह्मण हीं दोन्ही पूष्यास दंतहीन म्हणतात, आणि म्हणूनच त्याचा हविर्भाग दळलेला असावा असा विधि सांगतात. यज्ञांतील विधि हा कथेसारखा बदलत नाहीं. पूष्यास दांत परत मिळाले अशी याज्ञिकांची समजूत असती तर त्यास पीठ देण्याचें प्रयोजन उरलें नसतें. भागवताच्या चौथ्या स्कंधांत तर शंकर असा तोडगा काढितात कीं पूष्यानें यजमानाच्या दांतांनीं खावें, एरवीं पिठावर राहावें. परक्याच्या दांतांनीं जेवण्याची ही कल्पना पुढें युरोपांत अक्षरशः खरी झाली हें खरें. पण येथें ती यज्ञांतील वांटणीची व्यवस्था आहे, दंतवैद्यक नव्हे.

सुश्रुताचें मौनहि बोलकें आहे. नाक आणि कानाची पाळी नव्यानें घडविण्याची कृति जो आचार्य तपशीलवार देतो, दांतावरील कीट खरवडण्याचें दंतशंकु हें शस्त्र ज्यास ठाऊक आहे, तो कीड लागून हलूं लागलेल्या दाढेविषयीं काय सांगतो? ती काढावी आणि ती जागा डागावी. त्या जागीं दुसरें कांहीं बसवावें असें तो सांगत नाहीं. जो लेखक अशा कामांत एरवीं इतका मुक्तहस्त आहे त्याचें येथील मौन हें विस्मरण मानणें कठीण आहे.

४

कनोजची हकीकत अधिक महत्त्वाची आहे, कारण ती इतिहास आहे. इ. स. ११९४ (हिजरी ५९०) मध्यें यमुनाकांठीं चंदावर येथें शिहाबुद्दीन घोरीच्या सैन्याशीं झालेल्या लढाईंत गाहडवाल राजा जयच्चंद्र पडला. हें ठिकाण आजच्या फिरोजाबादेजवळ आहे. रणांत प्रेतांचा खच पडला होता. राजाचें शव ओळखूं येईना. शेवटीं तें दांतांवरून ओळखलें गेलें. एवढा गाभा सर्वत्र समान आहे. भेद आहे तो दांतांच्या वर्णनांत, आणि आमचा सगळा विषय त्या भेदांत आहे.

एल्फिन्स्टन यांच्या १८४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या इतिहासांत राजाचें शव खोट्या दांतांवरून ओळखल्याचें लिहिलें असून, त्यावरून तत्कालीन राहणीवर प्रकाश पडतो असा शेराहि मारिला आहे. मुंबई इलाख्याच्या ह्या माजी गव्हर्नरांचा ग्रंथ आपल्याकडील शिकलेल्या पिढ्यांनीं वाचला, आणि तेथूनच 'जयचंदाची कवळी' ही समजूत पसरली असें आमचें मत आहे. ही हकीकत इंग्रजी वाचकांपर्यंत मुख्यत्वें फिरिश्त्याच्या ग्रंथावाटे पोंचली. फिरिश्ता आपणांस परका नाहीं. त्याचें तरुणपण अहमदनगरच्या निजामशाहींत गेलें आणि ग्रंथ त्यानें विजापुरास इब्राहीम आदिलशहाच्या पदरीं असतां लिहिला. पण तो सतराव्या शतकाच्या आरंभींचा. लढाईनंतर चारशें वर्षांनीं लिहिणारा.

मूळ शोधूं लागलें म्हणजे इब्न अल्-अथीर याच्या 'अल्-कामिल' ह्या अरबी बखरीपर्यंत जातां येतें. हा ग्रंथकार इ. स. ११६० मध्यें जन्मला आणि १२३३ मध्यें वारला. म्हणजे लढाईच्या वेळीं तो चौतीस वर्षांचा होता. तो मोसुलास बसून लिहीत होता हें खरें, परंतु काळानें तो घटनेचा समकालीन आहे. त्याच्या कथनाचा आशय असा : बनारसच्या राजाचे दांत मुळाशीं दुबळे झाल्यामुळें ते सोन्याच्या तारेनें आवळलेले होते, आणि त्या खुणेवरून त्यास ओळखलें.

यांत कृत्रिम दांत कोठें आहे? दांत राजाचेच आहेत; ते अधू झाले आहेत; सोनें त्यांस धरून ठेवण्यासाठीं आहे. म्हणजे आम्हीं वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकीं हा पहिला होय. खोटे दांत मुळाशीं दुबळे होत नाहींत, कारण त्यांस मूळच नसतें. हें एकच वाक्य नीट वाचलें असतां 'खोटे दांत' हें वर्णन गळून पडतें. समकालीन लेखकाचें साधें विधान चार शतकें आणि दोन-तीन भाषा ओलांडतांना कसें फुगतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

तथापि जें उरतें तें थोडें नाहीं. बाराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानांत हलते दांत सोन्याच्या तारेनें बांधणारा कारागीर होता, आणि तें बांधकाम रणांगणावरील धुमश्चक्रींतहि टिकलें, ही गोष्ट ह्या वाक्यावरून सिद्ध होते. तो कारागीर वैद्यापेक्षां सोनार असावा असा आमचा तर्क आहे. कारण इतकी बारीक तार ओढून ती दांतांच्या फटींतून वळविण्याचा हात त्याचाच. हा पुरावा वेदकाळापर्यंत ताणण्याची गरज नाहीं. तो आहे तेथेंच मोलाचा आहे.

५

परदेशच्या पुराव्यांशीं ताडून पाहतां हाच निष्कर्ष दृढ होतो. रोमच्या द्वादशपट्ट कायद्यांत, म्हणजे इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास, प्रेताबरोबर सोनें पुरूं नये असा निर्बंध होता. मात्र ज्याचे दांत सोन्यानें बांधलेले असतील त्याचें तें सोनें अपवाद मानिलें होतें. सिसेरोनें हें कलम आपल्या ग्रंथांत उतरून घेतल्यामुळें तें आपणांस कळतें. येथेंहि शब्द 'बांधलेले दांत' असाच आहे. पण रोमच्या बाबतींत केवळ शब्दांवर विसंबावें लागत नाहीं. शेजारच्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांतून सोन्याच्या पातळ पट्ट्या प्रत्यक्ष मिळाल्या आहेत. त्यांतील कांहींत गेलेल्या दांताच्या जागीं परका दांत सोन्याच्या खिळ्यानें ठोकून बसविला आहे. अशा पट्ट्या बहुतांशीं स्त्रियांच्या असाव्या, आणि त्यांत चावण्यापेक्षां मिरविण्याचा हेतु अधिक होता, असें अभ्यासकांचें मत आहे. वाक्य आणि वस्तु हीं दोन्ही हातीं आलीं म्हणजे निर्णय कसा निःशंक होतो तें यावरून दिसेल.

इ. स. १०१३ च्या सुमारास वारलेला कॉर्डोव्हाचा शस्त्रवैद्य अझ्-झहरावी याची साक्ष तर आमच्या प्रकरणास अगदीं जवळची आहे. हलते दांत सोन्याच्या तारेनें कसे विणून बांधावे हें त्यानें आकृतीसह दिलें आहे; रुपें खराब होतें म्हणून सोनेंच वापरावें असेंहि सांगितलें आहे; आणि पडलेल्या दांताच्या जागीं बैलाच्या हाडाचा कोरलेला दांत बांधतां येतो असें वेगळें नमूद केलें आहे. हा वेगळेपणा ध्यानांत ठेवावा. अरबी विद्येंत दोन्ही प्रकार ठाऊक होते. तरी इब्न अल्-अथीरनें राजाविषयीं पहिलाच सांगितला.

६

काढतां-घालतां येणाऱ्या दंतपंक्तीचा जुना आणि निर्विवाद नमुना जपानांत आहे. वाकायामा येथील एका बौद्ध भिक्षुणीची, जी १५३८ सालीं वारली, वरच्या जबड्याची संपूर्ण कवळी उपलब्ध आहे. ती एकाच लांकडाच्या तुकड्यांतून कोरलेली असून टाळूस चिकटून बसे. ती संपूर्ण आहे, आंशिक नव्हे. परंतु मुखाच्या आकाराबरहुकूम घडविलेली वस्तु केवळ नेमक्या बसण्यानें टिकते, हें तत्त्व त्या कारागिरांनीं ओळखलें होतें.

युरोपांत फ्रेंच शस्त्रवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालीं दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांत शेजारच्या दांतांस दोऱ्यानें वा तारेनें बांधावयाचे दांत आहेत आणि कमानीच्या जोरावर धरून ठेवावयाच्या संपूर्ण दंतपंक्तीहि आहेत. खरी अडचण दुसरीच होती. मुखाची अचूक प्रतिकृति बाहेर मेजावर आल्याशिवाय त्यावर नेमकें काम करितां येत नाहीं. मेणांत ठसा घेऊन त्यांत चुना-खडीसारखें प्लास्टर ओतून नमुना काढण्याची रीत बर्लिनच्या फिलिप फाफ यानें १७५६ सालीं छापून प्रसिद्ध केली. ठसे आणि मुद्रा जमविणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या युक्तीचें मोल सांगावयास नको.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचें प्रकरण ह्याच काळांतील. १७८९ सालीं अध्यक्षपदाची शपथ घेतांना त्यांच्या मुखांत स्वतःचा एकच दांत उरला होता. जॉन ग्रीनवुड यानें त्यांच्यासाठीं पाणघोड्याच्या दंताची कवळी केली आणि त्या एका दांतासाठीं तींत भोंक ठेविलें. म्हणजे जिला लोक संपूर्ण कवळी समजतात ती वस्तुतः एका दांताच्या आधारें राहणारी आंशिक कवळी होती! त्यांचे दांत लांकडाचे होते ही प्रसिद्ध समजूत निराधार आहे. हस्तिदंत, धातु, जनावरांचे व माणसांचे दांत हे त्यांतले खरे पदार्थ होत. त्यांच्या माउंट व्हर्नन येथील खर्चाच्या वहींत १७८४ सालची एक नोंद आहे : निग्रो लोकांस नऊ दांतांबद्दल सहा पौंड दोन शिलिंग दिले. ते दांत पुढें कोणाच्या मुखांत गेले हें वहींत नाहीं. तरी दप्तराची एक रुक्ष ओळ केवढें सांगून जाते! गुलामाच्या मुखांतला दांत धन्याच्या जमाखर्चांत येतो. भागवतांतील परक्याच्या दांतांनीं जेवण्याची गोष्ट येथें विनोद राहत नाहीं.

१८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईंत पडलेल्या शिपायांच्या दांतांवरून अशा मानवी दांतांस 'वॉटर्लूचे दांत' हें नांव पडलें. मृतांचे आणि दरिद्री लोकांचे दांत घेण्याची चाल त्यापूर्वींचीच होती. तिला खरा उतारा दिला तो चिनी मातीनें. पॅरिसजवळच्या द्युशातो नांवाच्या औषधविक्यानें आपल्या दुर्गंधी येणाऱ्या कवळीस कंटाळून १७७४ च्या सुमारास पोर्सेलीनची कवळी करविली. द्युबुआ द शेमां यानें तीस सुधारून १७९१ मध्यें इंग्लंडांत पेटंट मिळविलें. आणि फोंझी ह्या इटालियनानें १८०८ सालीं प्लॅटिनमच्या खुंट्या असलेले सुटे मातीचे दांत पुढें आणिले. सुटे दांत मिळूं लागल्यावरच जेवढे गेले तेवढेच भरणें सुलभ झालें.

राहिला प्रश्न तळाचा. चार्ल्स गुडइअर यानें रबर गंधकानें पक्कें करण्याची रीत शोधल्यावर त्याच रबराच्या कठीण जातीचे तळ, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सर्वत्र चालूं लागले आणि कवळी मध्यमवर्गाच्या आवांक्यांत आली. पण पेटंट बाळगणाऱ्या कंपनीनें दंतवैद्यांवर खटल्यांचा असा सपाटा लाविला कीं, १८७९ सालीं तिचा खजिनदार जोशाया बेकन यास सॅन फ्रान्सिस्को येथें एका दंतवैद्यानें गोळी घालून ठार केलें. १९३७ पासून ॲक्रिलिक आलें आणि रबर मागें पडलें. त्याच सुमारास कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या ओतीव चौकटी प्रचारांत आल्या. बारीक असूनहि न वांकणारा टेकू आणि पातळ असूनहि न तुटणारा आंकडा ह्या धातूमुळें शक्य झाला. आमच्याकडे ह्या विद्येचें रीतसर शिक्षण १९२० सालीं कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं सुरू केलें. मुंबईचें नायर दंत महाविद्यालय १९३३ चें.

७

सारांश असा कीं, आंशिक कवळी ही एका देशाची अथवा एका ऋषीची देणगी नव्हे. सोनाराची तार, मेणाचा ठसा, कुंभाराची माती, रबर आणि ओतीव धातु हीं वेगवेगळ्या काळीं, वेगवेगळ्या ठिकाणीं एकत्र येत गेलीं, तेव्हां ती आजच्या रूपास आली. ह्या मालिकेंत चंदावरच्या रणांगणावरील सुवर्णतारेस मानाचें स्थान आहे. परंतु तें तिचें स्वतःचें स्थान आहे, दुसऱ्याचें नव्हे. पूर्वजांस न केलेल्या कामाचें श्रेय दिल्यानें त्यांनीं खरोखर केलेलें काम झांकलें जातें. खोट्या दांतांच्या हट्टापायीं तो खरा सोनार आमच्या दृष्टीआड झाला होता.

संग्राहक बंधूंस आमची एक विनंति आहे. वैद्यकाचीं बाडें, सोनारांच्या वह्या आणि सरदारघराण्यांचे खर्चाचे कागद चाळतांना दांत, तार, सोनें हे शब्द एकत्र आढळले तर ती ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी. अर्थ मागाहून लावावा. ज्या मित्रांच्या विधानावरून हा लेख निघाला त्यांस तो आम्हीं प्रथम वाचून दाखविला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, इब्न अल्-अथीरचें वाक्य दोनदां वाचावयास लाविलें, आणि शेवटीं म्हणाले, "मास्तर, पुरावा पटला, शिवाय तुमचा सकारहि आतां शुद्ध आला." ह्याहून अधिक दंतवैद्यानें किंवा इतिहासानें आम्हांस काय द्यावयाचें!